पृथ्वीचं नवं बारसं कशाला?

सूर्यमालेतल्या ग्रहांची रोमन नावं ओळीने वाचत गेलं की तिसऱ्या जागी ठेच लागते. मर्क्युरी हा देवांचा निरोप्या, व्हीनस प्रेमाची देवता, मार्स युद्धाचा देव, ज्युपिटर सगळ्या देवांचा राजा आणि सॅटर्न त्याचा बाप. या दरबारात आपल्या ग्रहाचं इंग्रजी नाव 'अर्थ', म्हणजे माती किंवा जमीन. बाकीच्या भाषांनीही फारसं डोकं चालवलेलं नाही. लॅटिनमधलं 'टेरा' म्हणजे जमीन, रशियनमधलं 'झिम्ल्या' म्हणजे जमीन, अरबी 'अर्द' म्हणजेही तेच. चिनी भाषेने गोल आकाराची तेवढी दखल घेतली. तिथल्या नावाचा शब्दशः अर्थ होतो जमिनीचा गोळा. मराठीत 'पृथ्वी' आणि 'माती' हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे ही विसंगती आपल्याला तितकी टोचत नाही. पण 'पृथ्वी' म्हणजे तरी काय, तर रुंद, पसरलेली. पायाखाली बघून सुचलेलंच नाव.

म्हणून आपल्या ग्रहाला काहीतरी रंजक, भारदस्त, निदान ग्रहाला शोभेल असं नाव द्यावं ही मागणी अधूनमधून होत असते. ती हसण्यावारी न्यावी अशी नाही. ज्या प्रजातीने दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांनाही नावं द्यायला घेतली आहेत, तिने स्वतःच्या घराला 'जमीन' म्हणत राहावं यात विनोद आहेच. तरीही ही मागणी मला मान्य नाही. नाव नीरस आहे ही तक्रार खरी. पण नीरसपणाचं कारण एकदा नीट कळलं की त्यावरचा हा उपाय निरर्थक ठरतो.

कारण साधं आहे. ग्रह म्हणून पृथ्वीचं नाव कुणी ठेवलेलंच नाही. नाव आधीपासून होतं, ग्रहपण तिला नंतर चिकटलं. आपल्या नवग्रहांत रवी आणि चंद्र आहेत, राहू आणि केतूसुद्धा आहेत, पण पृथ्वी नाही. आठवड्याच्या सात वारांतही तिचा वार नाही. ग्रह म्हणजे आकाशात हिंडणारा ठिपका, आणि पृथ्वी तर तो ठिपका बघण्यासाठी उभं राहायची जागा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ 1543 साली छापला गेला आणि त्यानंतर शे-दीडशे वर्षांत ही जागा हळूहळू ग्रहांच्या यादीत जाऊन बसली. तोवर बाकीच्यांची बारशी होऊन युगं लोटली होती.

आणि ती बारशी कशी झाली तेही बघण्यासारखं आहे. मंगळ तांबडा दिसतो, म्हणून रोमनांनी त्याला रक्तपाताचा देव केलं. बुध 88 दिवसांत सूर्याभोवती फेरी मारतो, आज संध्याकाळी दिसला तर काही आठवड्यांनी पहाटे उगवतो, म्हणून तो धावणारा निरोप्या. शनीला एका प्रदक्षिणेला साडेएकोणतीस वर्षं लागतात. 'शनैश्चर' म्हणजे हळू चालणारा, हे नाव त्या रेंगाळण्यावरूनच आलं. सगळ्यात गंमत शुक्राची. पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या आकाशातला तो सर्वांत तेजस्वी ठिपका, म्हणून त्याला सौंदर्यदेवतेचं नाव मिळालं. प्रत्यक्षात शुक्राच्या पृष्ठभागावर साडेचारशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमान असतं, शिसं वितळेल इतकं. हवेचा दाब आपल्या नव्वदपट आणि वर सल्फ्युरिक आम्लाचे ढग. हे आधी कळलं असतं तर ते नाव त्याला कुणीही दिलं नसतं. ग्रहांची रंजक नावं ही दुरून पाहणाऱ्यांनी, फारसं काही ठाऊक नसताना ठेवलेली नावं आहेत. पृथ्वीच्या बाबतीत आपल्याला तेवढं अंतर कधी मिळालंच नाही, आणि आता तेवढं अज्ञानही उरलेलं नाही.

मग माहितीच्या आधारावर नाव ठेवावं, असं कुणी म्हणेल. म्हणतातही. सर्वांत लोकप्रिय सूचना पाण्याची: पृष्ठभागाचा 71 टक्के भाग समुद्राने व्यापलेला असताना आपण याला जमीन काय म्हणून म्हणतो, सरळ 'सागर' म्हणा. ऐकायला बिनतोड वाटतं. पण समुद्राची सरासरी खोली जेमतेम पावणेचार किलोमीटर आहे आणि ग्रहाचा व्यास 12,742 किलोमीटर. वजनात मोजलं तर सगळ्या महासागरांचं पाणी ग्रहाच्या 0.02 टक्क्यांच्या आसपास भरतं. वरच्या ओलीवरून अख्ख्या गोळ्याचं नाव ठेवायचं, हा पुन्हा वरवर पाहण्याचाच प्रकार झाला. वजनालाच मान द्यायचा तर ग्रहाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लोखंडाचा आहे, त्यातलं बहुतेक गाभ्यात. शास्त्रशुद्ध नाव हवं असेल तर 'लोखंड' म्हणावं लागेल. रंजक नावाच्या शोधात निघून आपण मातीवरून लोखंडावर आलो!

रंगावरून ठेवावं म्हटलं तर निळा रंग कायमचा नाही. अंतराळातून काढलेल्या छायाचित्रांमुळे, विशेषतः डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 मधून टिपलेल्या त्या प्रसिद्ध छायाचित्रामुळे, पृथ्वी म्हणजे निळी असं समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं आहे. पण ग्रहाचं वय 454 कोटी वर्षांचं. सुमारे 70 कोटी वर्षांपूर्वी तो बहुतांशी बर्फाखाली होता आणि दुरून पांढरा दिसला असता. त्याच्या जन्मानंतरच्या काळात तर पृष्ठभाग वितळलेल्या खडकाचा होता. आपण ज्या निळाईवर भाळतो ती त्याच्या सध्याच्या दिवसांतली आहे.

उरली जीवसृष्टी. जीवन असलेला हा एकमेव ज्ञात ग्रह, तेव्हा नाव त्यावरूनच असावं, हा युक्तिवाद मला सर्वांत वजनदार वाटतो. पण तोही प्रामाणिकपणे लावून पाहिला तर अडचणीत येतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार सर्व सजीवांमध्ये मिळून सुमारे 550 अब्ज टन कार्बन आहे. त्यातला 450 अब्ज टन वनस्पतींत, 70 अब्ज टन जिवाणूंत. सगळ्या माणसांचा मिळून 0.06 अब्ज टन. नाव जीवसृष्टीवरून ठेवायचं तर ते झाडांचं ठेवावं लागेल, आणि कालक्रमाने मान द्यायचा तर जिवाणूंचं, कारण ग्रहाच्या इतिहासाचा बहुतांश काळ इथे त्यांचंच राज्य होतं. मागणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे नसतं. त्यांच्या मनातली जीवसृष्टी दोन पायांची असते.

इथे मला या मागणीतली खरी गोम दिसते. नाव ठेवणारा बहुधा स्वतःकडे बघून नाव ठेवतो. विल्यम हर्शल हा पेशाने संगीतकार. 13 मार्च 1781 रोजी त्याला घरच्या दुर्बिणीतून एक नवा ठिपका दिसला. तो ग्रह निघाला, माणसाने दुर्बिणीतून शोधलेला पहिला ग्रह. हर्शलने त्याला तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नावाने 'जॉर्जियम सिडस', म्हणजे जॉर्जचा तारा, म्हणायचं ठरवलं. राजाने त्याला वर्षाला 200 पौंडांचा तनखाही बांधून दिला. ब्रिटनबाहेर मात्र हे नाव कुणाच्या घशाखाली उतरेना. फ्रेंच लोक ग्रहाला 'हर्शल' म्हणू लागले. जर्मन खगोलज्ञ बोडे याने सुचवलं 'युरेनस': गुरूचा बाप शनी, तर शनीचा बाप युरेनस, वंशावळ सरळ पुढे गेली. हळूहळू जगाने ते उचललं, पण ब्रिटिशांचं सरकारी नाविक पंचांग जॉर्जला सोडायला तयार नव्हतं. ते 1850 मध्ये बदललं. जॉर्ज तोवर मरून तीस वर्षं झाली होती. या भांडणाचा एक अवशेष आपल्याकडे आजही जिवंत आहे. मराठी ज्योतिषी युरेनसला 'हर्षल' म्हणतात. बाकी जगाने टाकून दिलेलं नाव आपल्या कुंडल्यांत अजून ठाण मांडून बसलं आहे.

नेपच्यूनच्या वेळी हाच प्रयोग पुन्हा झाला. फ्रेंच गणिती ल व्हेरिए याने गणिताने त्याची जागा सांगितली, बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले याने 1846 च्या सप्टेंबरमध्ये तो शोधला, आणि मग ल व्हेरिएच्या मनात आलं की ग्रहाला आपलंच नाव का नसावं. पूर्वोदाहरण भक्कम व्हावं म्हणून तो युरेनसला हट्टाने 'हर्शल' म्हणू लागला. डाव फसला. आपण हसण्याआधी हेही आठवावं की पुराणातली कथा 'पृथ्वी' या नावाचं श्रेय पृथू राजाला देते. व्युत्पत्ती काहीही सांगो, नाव दिसलं की त्यामागे राजा शोधायची खोड जुनी आहे.

याच वृत्तीचा ताजा अवतार म्हणजे 'अँथ्रोपोसीन', मानवयुग. भूशास्त्रीय कालपटावर विसाव्या शतकाच्या मध्यापासून नवं युग सुरू झालं असं मानून त्याला माणसाचं नाव द्यावं, असा प्रस्ताव होता. मार्च 2024 मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो फेटाळला. माणसाने ग्रहावर केलेले बदल खरे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण कोट्यवधी वर्षांची पानं असलेल्या वहीत सत्तर वर्षांना स्वतंत्र प्रकरण द्यायचं आणि त्यावर आपलं नाव घालायचं, याला संघटनेने नकार दिला हे मला योग्य वाटतं. पृथ्वीचं नवं नाव ठरवायला बसलो तर ती बैठक याच वळणावर जाईल.

आणि बैठक म्हणजे तरी कुणाची? आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना 1919 पासून अस्तित्वात आहे आणि आकाशस्थ वस्तूंची नावं तिच्या अखत्यारीत येतात. शंभरी साजरी करताना 2019 साली तिने जगभरच्या देशांना एकेक तारा आणि त्याचा एकेक ग्रह नाव ठेवायला दिला. भारतातून ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि ग्रहाला 'संतमस'. दोन्ही नावं छान आहेत. पण तिथे भांडायला कुणी नव्हतं. संतमसवर राहून त्याला आधीपासून दुसरं काही म्हणणारे लोक आपल्याला माहीत नाहीत. पृथ्वीवर ते आठशे कोटी आहेत. लोकांच्या मतदानाने ठरवू म्हटलं तर 2016 मधली ब्रिटनची फजिती डोळ्यांपुढे आहे. ध्रुवीय संशोधनाच्या नव्या जहाजासाठी लोकांकडून नावं मागवली तेव्हा सर्वाधिक मतं पडली 'बोटी मॅकबोटफेस' या नावाला. शेवटी जहाजाला सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं आणि लोकांची समजूत काढायला त्यावरच्या एका छोट्या पाणबुडीला 'बोटी' म्हटलं. ग्रहाच्या बाबतीत असं सांत्वन म्हणून द्यायला आपल्याजवळ एकच चंद्र आहे.

मतदान नीट पार पडलं असं समजू. एक नाव निवडलं गेलं, सगळ्यांनी ते वापरायला घेतलं. मग काय गमावलं? माझ्या लेखी बरंच. आपल्या ग्रहाला आज कोणतंही एक जागतिक नाव नाही, हीच त्याच्याबद्दलची सर्वांत रंजक गोष्ट आहे. प्लुटोला एकच नाव मिळालं. 1930 मध्ये अकरा वर्षांच्या एका इंग्रज मुलीने सुचवलेलं. पृथ्वीला प्रत्येक भाषेने स्वतःचं नाव दिलं, आणि काहींचं एकावर भागलं नाही. अमरकोशात तिची वीसहून अधिक नावं आहेत. वसुधा आणि वसुमती म्हणजे संपत्ती धारण करणारी, विश्वंभरा म्हणजे सगळ्यांना पोसणारी, सर्वंसहा म्हणजे सगळं सोसणारी, मेदिनी, अवनी, क्षिती, मही. त्यात 'अचला' आणि 'स्थिरा' हीदेखील आहेत, म्हणजे न हलणारी. आर्यभटाने इसवी सन 499 मध्येच पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं लिहून ठेवलं होतं. विषुववृत्तावर तो वेग ताशी सुमारे 1,670 किलोमीटर आहे, आणि सूर्याभोवती ती सेकंदाला 30 किलोमीटर या वेगाने धावते. तरी 'अचला' हे नाव कुणी खोडलं नाही. चुकीचं नाव बाजूला पडून राहिलं, बरोबरची वापरात राहिली, आणि कुठल्याही समितीला त्यासाठी बसावं लागलं नाही. रंजक नाव हवं असणाऱ्यांनी आधी एवढा साठा तरी वापरून संपवावा.

1977 साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यांत 55 भाषांतून अभिवादनं आहेत. त्यात मराठीही आहे, आणि मराठीतल्या शुभेच्छा 'पृथ्वी'वरच्या लोकांकडून आहेत. इंग्रजीत 'अर्थ' आहे, इतर भाषांत आणखी काही. व्हॉयेजर 1 आता 2,400 कोटी किलोमीटरांहून दूर गेलं आहे आणि ते परत बोलावून तबकडी दुरुस्त करता येणार नाही. परक्या कुणाच्या हाती ती लागली तर त्याला आपल्या ग्रहाची अनेक नावं ऐकू येतील. त्यातलं खरं कोणतं हे त्याला कळणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

नावं ठेवण्याची हौस दाबून टाकावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. तिला कामं पुष्कळ आहेत. शनीचे अडीचशेहून अधिक चंद्र आजवर सापडले आहेत आणि त्यांतले कितीतरी अजून नुसत्या क्रमांकांवर दिवस काढताहेत. एखाद्या ठिकाणाला कल्पकतेने नावं कशी द्यावीत हे बघायचं असेल तर शुक्र बघावा. ढगांमुळे त्याचा पृष्ठभाग रडारशिवाय दिसत नाही. जेव्हा दिसला तेव्हा ठरलं की तिथली नावं स्त्रियांची आणि देवतांची असतील. दोन-तीन जुने अपवाद सोडले तर तो नियम पाळला गेला. तिथल्या एका विवराचं नाव 'जोशी' आहे, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरून. न शोभणारं नाव मिळालेल्या नरकसदृश ग्रहाच्या अंगावर इतकी चांगली नावं कोरता येतात, तर मुख्य नावाच्या मागे लागण्याची गरज काय?

पृथ्वीला नवं नाव कधी मिळणारच नाही असंही नाही. ते ठेवण्याचा अधिकार ज्यांना तिच्याकडे बोट दाखवावं लागेल त्यांचा. क्युरिऑसिटी या गाडीने 31 जानेवारी 2014 रोजी मंगळावरून एक छायाचित्र घेतलं. त्यात पृथ्वी म्हणजे सूर्यास्तानंतरच्या आकाशातला एक तेजस्वी ठिपका आहे, आपल्याला शुक्र दिसतो तसा. अंतर आलं, ठिपका आला. आता बघणारं माणूस तेवढं जन्माला यायचं आहे. योगायोग असा की संस्कृतात मंगळाला 'कुज' आणि 'भौम' म्हणतात, म्हणजे पृथ्वीपासून जन्मलेला. मंगळावर खरोखर वस्ती झालीच तर तिथल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला हे नाव रुचेल की नाही याची मला शंका आहे. वसाहतींना आईची आठवण करून दिलेली सहसा आवडत नाही.

ती पिढी आपल्या ग्रहाला काय म्हणेल? निळाईचं तिला कौतुक असेलच असं नाही. तिच्या अंगाला जाणवेल ती एक गोष्ट मात्र नक्की. मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्के आहे. तिथे वाढलेला माणूस इथे उतरला तर त्याचं स्वतःचं शरीर त्याला अडीचपटीहून जड होईल. जिना चढताना धाप लागेल, कदाचित उभंही राहता येणार नाही. त्यांच्या गोष्टींतली पृथ्वी ही माणसाला जमिनीशी दाबून धरणारी जागा असेल. त्यांना मराठी येत असेल तर पृथ्वीचं 'उर्वी' हे नाव बदलून 'गुर्वी' करतील, म्हणजे जड. गुरू हे नाव तर आधीच दिलं गेलं आहे. मला 'गुर्वी' बरं वाटतं, पण इथल्या लोकांना ते आवडणार नाही. ते तक्रार करतील की आपल्या ग्रहाला कुणी वजनावरून नाव ठेवतं का, आणि मंगळावरचे लोक त्यांना विचारणारही नाहीत, जसं आपण शुक्राला विचारलं नव्हतं.